दुखते चालताना, फोटो निघतो झोपून

गुडघा दुखतो तो जिना उतरताना. खांद्यात कळ येते ती वरच्या फळीवरचा डबा काढताना. मनगट लचकते ते ओला कपडा पिळताना. तपासणीला गेल्यावर मात्र तंत्रज्ञ पहिली सूचना देतो, ‘अजिबात हलू नका.’ फोटो निघतो, अहवालात विशेष दोष आढळला नसल्याचे लिहून येते आणि दुखणे रुग्णासोबत घरी परतते.

यात कोणाची चूक नसते. हाड मोडले आहे का, सांध्यातली फट कमी झाली आहे का, गाठ आहे का, या प्रश्नांची उत्तरे स्थिर फोटोतून उत्तम मिळतात. पण सांध्याचे कामच मुळी हालचालीचे आहे. चढावर चेन पडणारी सायकल स्टँडवर लावून तिचा कितीही सुंदर फोटो काढला, तरी चेन का पडते ते कळत नाही. त्यासाठी चढावरच पाहावे लागते. शरीराच्या आत, कातडी आणि स्नायूंच्या खाली, हाडावर हाड सरकताना पाहण्याच्या या शास्त्राला ‘डायनॅमिक इमेजिंग’ म्हणजे गतिमान प्रतिमांकन म्हणतात. गुडघ्याबद्दलच्या काही पक्क्या समजुती त्याने मोडीत काढल्या आहेत.

बेडकाच्या पायापासून

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या दोन वर्षांच्या आतच, १८९७ मध्ये, स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिंटायर यांनी बेडकाच्या हलत्या पायाचा क्ष-किरण चलतपट तयार केला. त्यांनी पाय थोडाथोडा हलवत एकेक फोटो काढला आणि ते एकामागोमाग दाखवले. लोकांनी पहिल्यांदाच कातडीखालचा सांधा वाकताना पाहिला.

हाडे थेट पडद्यावर हलताना दाखवणारे फ्लुरोस्कोप हे यंत्रही याच काळात आले. थॉमस एडिसन यांनी त्यावर बरेच काम केले. त्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांनी प्रयोगांत आपले हात वारंवार क्ष-किरणांखाली धरले. त्या किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी हे संशोधन सोडून दिले. सांधा हलताना पाहायचा तर किरणांचा मारा अधिक वेळ करावा लागतो, ही अडचण तेव्हापासून या शास्त्राच्या मानगुटीवर आहे.

त्वचा फसवते

किरणांशिवाय हालचाल मोजायची एक सोपी पद्धत आहे. मांडीवर आणि पोटरीवर चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे, व्यक्तीला चालायला लावायचे आणि अनेक कॅमेऱ्यांनी त्या गोळ्यांचा माग ठेवायचा. चित्रपटातील संगणकीय पात्रे हलवण्यासाठीही हेच तंत्र वापरतात. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) चाल बिघडलेल्या मुलांवर कोणती शस्त्रक्रिया करावी, हे ठरवायला या प्रयोगशाळांचा मोठा उपयोग होतो.

मात्र गोळे कातडीवर असतात, हाडावर नाही. पाऊल जमिनीवर आदळले की मांडीचे मांस हलते आणि त्याबरोबर गोळेही एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सरकतात. गुडघा किती वाकला हे अशा मोजणीतून बऱ्यापैकी कळते. पण नडगी किती अंश पिळली गेली किंवा किती मिलिमीटर पुढे सरकली हे मोजताना होणारी चूक मोजायच्या हालचालीइतकीच मोठी असू शकते.

ही चूक टाळण्यासाठी संशोधकांनी एक अघोरी वाटणारा मार्ग पत्करला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच निरोगी स्वयंसेवकांच्या मांडीच्या हाडात आणि नडगीत, जागा बधिर करून, धातूच्या सळ्या बसवण्यात आल्या. गोळे त्या सळ्यांच्या टोकाला लावले आणि स्वयंसेवक तसेच चालले. माहिती अचूक मिळाली, पण अशा प्रयोगाला किती जण तयार होणार?

त्याआधीच स्वीडनमधील लुंड येथे गोरान सेल्विक यांनी दुसरा मार्ग शोधला होता. १९७४ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात टँटलम धातूचे बारीक मणी बसवतात आणि नंतर दोन दिशांनी एकाच वेळी क्ष-किरण फोटो काढतात. मण्यांच्या जागांवरून हाडाची त्रिमितीय स्थिती मिलिमीटरच्याही अंशापर्यंत कळते. बसवलेला कृत्रिम सांधा हाडात हळूहळू सैल होतो आहे का, हे या पद्धतीने पहिल्या दोनेक वर्षांतच लक्षात येऊ शकते. रुग्णाला त्रास सुरू व्हायला त्यानंतर कित्येक वर्षे लागतात.

सावलीवरून हाड ओळखणे

मणी नकोत, सळ्या नकोत आणि तरीही हाडे दिसायला हवीत, हे जमवले संगणकाने. तत्त्व ओळखीचे आहे. दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते आणि हात वळवला की तिचा आकार बदलतो. हाताचा आकार नेमका माहीत असेल, तर सावली पाहून हात कसा धरला आहे हे सांगता येते.

इथेही तसेच होते. आधी व्यक्तीच्या गुडघ्याचे सीटी स्कॅन करून हाडांचे त्रिमितीय संगणकीय प्रारूप बनवतात. मग ती व्यक्ती चालत, पळत किंवा पायरी चढत असताना क्ष-किरणांचा चलतपट घेतात. संगणक प्रत्येक चौकटीत हाडाचे प्रारूप फिरवून पाहतो. प्रारूपाची सावली खऱ्या सावलीशी तंतोतंत जुळली, की त्या क्षणी हाड कसे होते ते कळते. एकाच दिशेने चित्रण केले तर कॅमेऱ्याच्या रेषेतली, म्हणजे जवळ-दूरची हालचाल नीट पकडता येत नाही. म्हणून दोन दिशांनी एकदम चित्रण करतात. या दुहेरी पद्धतीची अचूकता एक मिलिमीटरहून बारीक असते आणि सेकंदाला शेकडो चौकटी टिपता येतात.

बिजागरी नव्हे

शाळेच्या पुस्तकात गुडघ्याचे वर्णन बिजागरीचा सांधा असे असते. दाराची बिजागरी एकाच आसाभोवती फिरते, गुडघा तसे करत नाही. तो वाकताना मांडीच्या हाडाची गोलसर टोके नडगीच्या सपाट माथ्यावर थोडी लोळतात, थोडी घसरतात आणि नडगी स्वतःभोवती किंचित वळते.

हे वळणे कसे होते, याचे चित्र २००० साली एमआरआय अभ्यासांतून पुढे आले. लंडनचे मायकेल फ्रीमन आणि प्रागच्या व्हेरा पिन्स्केरोव्हा यांच्या गटाने मृतदेहांचे आणि जिवंत स्वयंसेवकांचे गुडघे वेगवेगळ्या कोनांत वाकवून, काहींना उकिडवे बसवून, एमआरआय काढले. त्यात असे दिसले की गुडघा १२० अंशांपर्यंत वाकताना मांडीच्या हाडाचे आतले टोक जवळजवळ जागेवरच राहते आणि बाहेरचे टोक सुमारे दीड-दोन सेंटिमीटर मागे जाते. कंपासचे टोक कागदात रोवून पेन्सिल फिरवावी, तसा हा प्रकार आहे. टाचांवर बसणाऱ्या जपानी स्वयंसेवकांच्या पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यांत तर बाहेरचे टोक नडगीच्या माथ्याच्या मागच्या कडेपर्यंत सरकलेले आढळले. वज्रासनात किंवा उकिडवे बसताना आपल्याही गुडघ्याला अशीच टोकाची कसरत करावी लागते.

गुडघ्याचा खुंटा आतल्या बाजूला असतो, असे मग अनेकांनी गृहीत धरले. पण हे चित्र सावकाश वाकवलेल्या किंवा एका जागी थांबलेल्या गुडघ्याचे होते. २००९ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी ट्रेडमिलवर चालणाऱ्या निरोगी माणसांच्या गुडघ्याचे दुहेरी क्ष-किरण चित्रण प्रसिद्ध केले. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना आतलेच टोक बाहेरच्यापेक्षा जास्त सरकत होते. म्हणजे चालताना खुंटा बाहेरच्या बाजूला गेल्यासारखा दिसत होता.

दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर आहेत. उकिडवे बसणारा गुडघा आणि चालणारा गुडघा तोच असला, तरी दोन कामांत त्याचे वागणे वेगळे असते. त्यामुळे ‘गुडघा कसा हलतो’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणते काम करताना, हे आधी विचारावे लागते.

उलट दिशेला घसरणारा सांधा

कृत्रिम गुडघा बनवणाऱ्यांसाठी या माहितीचे मोल मोठे आहे. पूर्वीच्या बऱ्याच रचनांत असे गृहीत धरले होते की कृत्रिम सांधा वाकला की मांडीकडचा भाग नैसर्गिक गुडघ्याप्रमाणे मागे जाईल. मागचे लिगामेंट शाबूत ठेवले तर ते हाडाला मागे ओढेल, असा हिशेब होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील शल्यचिकित्सक आणि अभियंत्यांनी असे सांधे बसवलेल्या रुग्णांचे गुडघे फ्लुरोस्कोपीखाली वाकवून पाहिले. अनेकांत मांडीकडचा भाग मागे न जाता चक्क पुढे घसरत होता.

याचे परिणाम दोन. भाग पुढे सरकला की मागे जागा कमी पडते आणि गुडघा पुरेसा वाकत नाही. शिवाय धातू प्लॅस्टिकवर घासत राहिला तर प्लॅस्टिकची झीज वाढते. साध्या क्ष-किरण फोटोत हेच सांधे अगदी व्यवस्थित बसलेले दिसत होते.

त्यानंतर रचना बदलत गेल्या. आतल्या बाजूला खोलगट बैठक देऊन तिथे खुंटा तयार करणारे सांधे आले. जास्त वाकतील असे सांधेही आले. त्यामागे जमिनीवर बसणाऱ्या आशियाई रुग्णांची गरज हे एक कारण होते. खुर्चीत बसायला गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकला तरी पुरते. उकिडवे बसायला १३० अंशांहून बरेच अधिक वाकावे लागते आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० अंशांच्या आसपास थांबतो. मात्र जास्त वाकणारे सांधे बसवल्याने रुग्णांना सरसकट मोठा फायदा होतो, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसलेले नाही. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, यावर तो नंतर किती वाकेल हे बऱ्याच अंशी अवलंबून राहते. देवपूजेला, पंगतीला किंवा शेतात निंदणी करायला खाली बसता येईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर नाही तर आधीच डॉक्टरांना विचारायला हवा तो यासाठीच.

तुटलेल्या लिगामेंटची गोष्ट

कबड्डी, फुटबॉल किंवा खो-खो खेळताना पाय एका जागी रुतला आणि अंग वळले, की गुडघ्यातले एसीएल नावाचे लिगामेंट तुटते. हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पिळण्यालाही आवर घालते. ते पुन्हा घडवण्यासाठी रुग्णाच्याच शरीरातला स्नायूबंध काढून गुडघ्यात बसवतात. खेळाडू काही महिन्यांनी मैदानात परततात. तरीही पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गुडघ्याची झीज सुरू होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असेल, तर असे का व्हावे?

अमेरिकेतील स्कॉट टॅशमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सहा रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळीच त्यांच्या हाडांत टँटलमचे मणी बसवले होते. नंतर ट्रेडमिलवर उतारावरून पळताना दोन्ही गुडघ्यांचे सेकंदाला २५० चौकटी या वेगाने चित्रण केले. नडगीचे पुढे सरकणे शस्त्रक्रिया झालेल्या आणि धडधाकट गुडघ्यात सारखेच निघाले. दवाखान्यात डॉक्टर हातानेही प्रामुख्याने हेच तपासतात. पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यात नडगी सरासरी ३.८ अंश जास्त बाहेर वळलेली होती आणि २.८ अंश आत कललेली होती.

तीन-चार अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याची अर्ध्या-पाऊण मिनिटाची चाल. पण कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, जिथे रोज भार पडतो तिथे जाड आणि मजबूत असते. सांधा थोडा जरी वळला तरी भार सरकतो आणि सवय नसलेल्या जागेवर पडू लागतो. दिवसाला हजारो पावले, वर्षानुवर्षे. झीज होण्याचे हे एक कारण असू शकते, असा विचार पुढे आला.

मूळ लिगामेंट दोन जुड्यांचे असते. शस्त्रक्रियेत एकच जुडी बसवतात म्हणून पिळणे आवरत नाही, अशी शंका घेतली गेली. मग दोन जुड्या बसवणारी अधिक किचकट शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी होऊ लागली. तर्क पटण्यासारखा होता. पण टॅशमन यांचाच सहभाग असलेल्या पिट्सबर्गच्या गटाने रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून, दोन वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांचे तसेच दुहेरी क्ष-किरण चित्रण केले. लिगामेंट मूळच्या नेमक्या जागी बसवले असेल, तर एक जुडी आणि दोन जुड्या यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे ज्या तंत्राने दोष दाखवला, त्याच तंत्राने त्यावरचा एक आकर्षक उपाय गरजेचा नसल्याचेही दाखवले. अधिक खर्चाच्या आणि अवघड शस्त्रक्रियेतून त्यामुळे किती रुग्ण वाचले असतील, हे लक्षात घेतले तर या संशोधनाची किंमत कळते.

रुग्णाने काय लक्षात घ्यावे?

दुहेरी क्ष-किरण चित्रणाची यंत्रे आजही मुख्यतः संशोधन केंद्रांत आहेत. नेहमीच्या गुडघेदुखीसाठी त्यांची गरजही नसते. मात्र ‘सांधा काम करताना पाहा’ हे तत्त्व साध्या दवाखान्यातही वापरता येते.

गुडघ्याच्या झिजेसाठी क्ष-किरण फोटो शक्यतो उभे राहून, पायावर भार देऊन काढलेला असावा. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट खऱ्यापेक्षा मोठी दिसू शकते. मान किंवा कंबरेचे मणके एकमेकांवर घसरतात अशी शंका असेल, तर डॉक्टर पुढे आणि मागे वाकवून फोटो काढायला सांगतात.

खांद्याचे स्नायूबंध हात उचलताना कुठे अडकतात, एखादा बंध ‘टक्’ आवाज करून हाडावरून कसा उडी मारतो, हे सोनोग्राफीत रुग्ण हात-पाय हलवत असताना थेट दिसते. यात क्ष-किरण नसतात आणि खर्चही तुलनेने कमी असतो. नवजात बाळाचा खुबा जागेवरून निसटतो का, हे पाहण्यासाठी डॉक्टर बाळाचा पाय हलक्या हाताने हलवत सोनोग्राफी करतात. पहिल्या काही महिन्यांत हा दोष सापडला तर बहुधा पट्ट्यांच्या आधारावर भागते. तो चालायला लागल्यावर सापडला तर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. पायाळू जन्मलेल्या किंवा घरात कोणाला हा दोष असलेल्या बाळाची तपासणी त्यामुळे टाळू नये. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणेही खुब्याला घातक ठरते.

मनगटातली छोटी हाडे हालचालीत एकमेकांपासून दूर जातात का, हे दाखवणारे चतुर्मितीय सीटी स्कॅन मोजक्या मोठ्या केंद्रांत होते. त्यात किरणांची मात्रा साध्या फोटोपेक्षा बरीच जास्त असते. हात आणि गुडघा हे भाग किरणांना तुलनेने कमी संवेदनशील आहेत. कंबर आणि खुब्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. डॅली यांच्या काळाच्या तुलनेत आजची मात्रा अत्यल्प असली, तरी प्रत्येक चित्रणामागे ठोस प्रश्न असायला हवा.

आणखी एक गोष्ट. हालचालीत दिसलेला प्रत्येक वेगळेपणा म्हणजे आजार नव्हे. माणसाचे दोन गुडघेसुद्धा एकमेकांसारखे हलत नाहीत. म्हणून सावलीचे चित्र कितीही बारीक असले, तरी दुखणे केव्हा येते, कोणत्या हालचालीत येते, किती वेळ टिकते, हे रुग्णाने नेमके सांगणे तितकेच महत्त्वाचे ठरते. ‘गुडघा दुखतो’ एवढ्यावर थांबू नये. ‘जिना चढताना नाही, उतरताना दुखतो. आणि तोही तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर,’ असे सांगावे. डॉक्टरांसमोर दोन पावले चालून दाखवावे, जमत असेल तर बसून-उठून दाखवावे. कोणता फोटो, कोणत्या स्थितीत काढायचा, हे त्यावरूनच ठरते.